एक जूनची मुलं

मुलांनो, अशी एक वही डोळ्यांसमोर आणा, जिला शेवटचं पानच नाही. तिच्यात तुमच्या नावाची एक ओळ आहे. तुमचा जन्म झाला त्या दिवसापासून तुमच्याबद्दल जे जे कागद झाले, ते सगळे त्या एका ओळीला येऊन चिकटले आहेत. लस टोचल्याची चिठ्ठी, शाळेचा दाखला, पडून हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे. आली वही डोळ्यांसमोर? आता साल धरा २०३७, आणि ती वही खरोखरच तयार झाली आहे असं समजा. तिचं नाव 'एकवट'.

वह्या आधीही होत्या, पण प्रत्येकाची वेगळी. शाळेची शाळेत, दवाखान्याची दवाखान्यात. एकीला दुसरीचा पत्ता नसायचा. एकवटने त्या सगळ्या वाचून काढल्या, अगदी शाईने लिहिलेल्या, वाळवीने खाल्लेल्यासुद्धा. मग एकेक कागद उचलून तो ज्या माणसाचा, त्याच्या ओळीला जोडला. कुणाचा कागद कुणाचा, हे या यंत्राला कळायचं कसं? ते चार गोष्टी ताडून पाहायचं: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मतारीख. चारही जुळल्या की माणूस एकच.

एकवटला आणखी एक कला अवगत होती. दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध बोलायला लागल्या, की ते स्वतःच ठरवायचं यातली कच्ची कुठली, आणि तिची दुरुस्ती करून टाकायचं. कुणाला विचारत बसायचं नाही. लोकांना त्याचं फार कौतुक. चुका काढायला आता माणूस लागत नाही म्हणायचे. मात्र हे यंत्र काहीही खोडत नसे. नवी नोंद जुनीच्या वर चढवायचं, जुनी खाली तशीच राहायची. बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं, कारण खाली डोकावायची गरजच कधी पडली नव्हती.

आणि या वहीशी बोलायला 'विणकर' नावाचं साधन होतं. पूर्वी संगणकावर एखादं पान बनवायचं, तर शिकलेली माणसं महिनोन्महिने आज्ञा लिहीत बसायची. आता विणकरला नुसतं सांगायचं, "मला असं असं पान हवं," की ते समोर विणून ठेवायचं. पाचवी-सहावीतली मुलंही पानं बनवायची. संगणकाची भाषा शिकावी लागत नव्हती. काय विचारायचं, ते मात्र शिकावंच लागत होतं.

ऋजुता सातवीत होती, आणि विचारण्यात पटाईत होती.

त्या मंगळवारी ती तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर मुल्लाबाईंच्या टेबलासमोर उभी होती. तिच्या आईला, पल्लवीला, पोटात गाठ झाली होती. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. बाबा आत आईजवळ बसले होते. आजोबा, म्हणजे आईचे वडील, बाहेर बाकावर मोसंबी सोलत होते. खरं तर ती मोसंबी ते अर्ध्या तासापासून सोलत होते.

"तुझ्या आईचं रक्त वेगळं आहे," मुल्लाबाई म्हणाल्या. "तू मोठी आहेस, नीट सांगते. रक्ताच्या पेशींवर बारीक खुणा असतात. कुणाच्या ए, कुणाच्या बी. ओ गटाच्या माणसाकडे दोन्ही नसतात, पण त्या खुणा ज्या पायावर बसतात तो पाया तरी असतो. तुझ्या आईकडे तो पायाच नाही. याला बॉम्बे गट म्हणतात. साध्या चाचणीत हे रक्त ओसारखंच दिसतं. पण ओ रक्त चढवलं, तर तिचं शरीर त्याला शत्रू समजून झोंबेल."

"मग तिच्यासारखंच रक्त हवं."

"तिच्यासारखंच. दहा हजारांत एखाद्याचं असतं. मुंबईला दोन पिशव्या होत्या, त्या परवा एका बाळंतिणीला लागल्या. एक पिशवी हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही."

"एकवटमध्ये बघितलंत?"

"पहिल्यांदा तेच बघितलं. जिल्ह्यात तिघं निघाली. एक तुझी आई. एकजण जहाजावर, तो चार महिन्यांनी येणार. आणि तिसरी बाई वारली." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. जिवंत दात्यांची नावं एकवट झाकून ठेवायचं, मेलेल्यांची नाही. तिथे लिहिलं होतं: अनिता दत्ताराम पाष्टे, तळकोंड, जन्म १ जून १९८९, मृत्यू २०३१.

रुग्णाच्या घरच्यांना एकवटचं उत्तर कसं आलं हे विचारायचा हक्क होता. तो फारसा कुणी वापरत नसे. ऋजुताने खुर्ची पुढे ओढली.

"मी विचारू?"

"विचार की. माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?"

"ही बाई वारली हे कशावरून?" ऋजुताने विणकरला विचारलं. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला समोर आला. साल २०३१. ठीक.

"आणि हिचा गट बॉम्बे आहे हे कशावरून?"

तळकोंडच्या रक्तदान शिबिराची नोंद आली. १४ जानेवारी २०२३.

"मला तो कागद दाखव. तुझ्याकडे आला तेव्हा जसा होता तसा."

पडद्यावर वहीच्या पानाचा फोटो उघडला. त्या दिवशी वीज गेली असावी, सगळं हाताने लिहिलेलं होतं, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. वर तारीख होती, १४ जानेवारी २०३३.

ऋजुताने ती तीनदा वाचली. मुल्लाबाईंनी चष्मा पुसून वाचली.

"तू २०२३ का म्हणालंस?" ऋजुताने विचारलं.

विणकरने उत्तर वाचून दाखवलं: "मृत व्यक्ती रक्तदान करू शकत नाही. त्यामुळे सालात लिहिणाऱ्याची चूक धरून दुरुस्ती केली. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

"अगं बाई!" मुल्लाबाई उठून उभ्याच राहिल्या. "कागदाचं साल बदललं, पण कागद दुसऱ्या कुणाचा असेल असं नाही वाटलं याला?"

"चारही गोष्टी जुळल्या ना. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तारीख." ऋजुता उभी राहिली. "पण रक्त देणारी बाई २०३३ साली जिवंत होती. म्हणजे अनिता पाष्टे दोन आहेत." तिने विणकरला विचारूनही पाहिलं. या नावाची, या तारखेची, या गावची जिवंत व्यक्ती आढळत नाही, असं ते म्हणालं.

ती धावत बाहेर गेली. तळकोंडच्या शाळेत आजोबांनी चोवीस वर्षं शिकवलं होतं.

"आजोबा, तळकोंडला अनिता दत्ताराम पाष्टे किती होत्या?"

"दोन," आजोबा लगेच म्हणाले. "गावात निम्मे लोक पाष्टे. दत्तारामही दोन, एक वरच्या वाडीतला, एक खालच्या. खालच्याची बायको जन्माची अनिता. ती बिचारी गेली. वरच्याने लग्नात बायकोचं नाव बदलून अनिता ठेवलं. माहेरची ती सुगंधा धाडवे. नवरा गेल्यावर तिने आपलं जुनं नाव परत घेतलं. पाथरगावला काजूचा कारखाना चालवते."

"दोघींची जन्मतारीखही एकच?"

आजोबांनी मोसंबी बाकावर ठेवली.

"दोघी माझ्याच वर्गातल्या," ते म्हणाले. "त्या वर्गातल्या सगळ्यांची तारीख एक जूनच आहे."

"सगळ्यांची? सगळे एका दिवशी जन्मले? मग वर्गात वाढदिवसाला केवढा केक लागत असेल!"

आजोबांना हसू आलं नाही. "त्या काळी वाड्यावस्त्यांवर जन्माची नोंद कोण करत होतं? आया सांगायच्या, भात कापणीच्या वेळचा, नाहीतर पूर आला त्या सालचा. शाळेला तर तारीख हवी. मग मास्तर एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय मोजायला सोपं. मी एकटा नाही, गावोगावचे सगळे मास्तर लिहायचे."

"मग त्यात काय? चला, आपण पाथरगावला जाऊ."

"डॉक्टरांकडून कुणाला तरी पाठवू," आजोबा म्हणाले. "मी गेलो तर ती नाही म्हणेल."

"का?"

आजोबांनी मोसंबी पुन्हा हातात घेतली.

"अनोळखी माणसाचं ती ऐकेल की नाही कुणास ठाऊक. तिला ओळखता ते फक्त तुम्ही," ऋजुता म्हणाली. "तुम्ही नुसता कारखाना दाखवा. विचारीन मी."

बुधवारी सकाळी पहिल्या एसटीने दोघं पाथरगावला उतरली. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. दहा-बारा बायका ओळीने बसून काजू फोडत होत्या. पायाने दांडा दाबायचा, टरफल तडकलं की आतला गर अलगद काढायचा. टरफलाच्या तेलाने कातडी जळते, म्हणून सगळ्यांच्या हातांना खोबरेल चोपडलेलं होतं. टोकाला उभी राहून गर निवडणारी बाई वळली आणि तिचे हात थांबले.

"गुरुजी! हजेरी घ्यायला आलात की काय? सुगंधा हजर आहे म्हणून लिहा."

बायका हसल्या. आजोबा दारातच थबकले. ऋजुता पुढे झाली. तिने आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, गाठ, बॉम्बे गट, शुक्रवार, शिबिराचं पान, सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे त्या वहीत मी मेलेली?" सुगंधाने विचारलं. "दहावी-बिहावी पण नापास दाखवलीय का?"

"नाही मावशी. नुसतीच मेलेली."

"मग बरंय." ती हसली, पण आजोबांकडे बघताना हसू गेलं. "ही तुमची नात का? आत या गुरुजी, उन्हात नका उभे राहू. तारीख एक कशी झाली ते सांगितलंत हिला?"

"सांगितलं. एक जूनचं."

"पण साल? साल कसं पडलं ते?"

आजोबा नातीकडे वळले. "ऋजुता, शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद व्हायची. त्या वर्षी सोळाच मुलं होती. शाळा गेली असती तर पोरांना दीड तास चालत दुसऱ्या गावी जावं लागलं असतं. मुली तर गेल्याच नसत्या. म्हणून मी लहान मुलंही आणून बसवली. कागदावर त्यांना सहा वर्षं पूर्ण केली. ही तेव्हा पाचचीही नव्हती."

"मी भाऊबीजेची," सुगंधा म्हणाली. "एकोणीसशे नव्वद. आई दरवर्षी सांगायची. गुरुजींनी एका सहीत मला दीड वर्षाने थोरली केली. तेव्हा मला काय कळतंय? शाळा आवडायची. बारावीला पहिली आले. नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवला होता. कागदावर एक जूनला अठरा पूर्ण झाली आणि सहा जूनला मला हळद लागली. तेव्हा आईने गुरुजींचे पाय धरले होते. म्हणाली, पोर लहान आहे, तेवढं लिहून द्या, लग्न थांबेल. गुरुजी, तुम्ही काय म्हणालात, ते सांगा हिला."

शेडमध्ये कुणीही दांडा दाबत नव्हतं.

"म्हणालो, रजिस्टरात आहे तेच खरं." आजोबांचा आवाज बारीक झाला होता. "खोटं लिहिलं म्हणून कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि तुमच्या पल्लवीची तारीख काय हो? तीही एक जून?"

"अकरा फेब्रुवारी."

"खरी?"

"खरी."

ऋजुताला वाटलं, आता आपण काहीतरी चांगलं बोलायला हवं. आजोबांची बाजू घ्यावी, असंही एकदा वाटलं. पण घेण्यासारखी बाजू तिला सापडेना. ती सुगंधाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही आजोबांवर रागवा. मी मध्ये येणार नाही. पण ऑपरेशन शुक्रवारी आहे, आणि परतीची गाडी साडेदहाची आहे."

सुगंधाने तिच्याकडे बघितलं आणि एकदम मोठ्याने हसली. "गुरुजी, ही तुमच्यावर गेलेली नाही हो." मग ती साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लागली. "अगं, माझा राग थोडाच चढवणार आहेत तुझ्या आईला? रक्तच चढवणार ना? माझी चप्पल बघ कुठाय ती. सखू, गर उन्हातनं उचल गं बारा वाजता."

एसटीत ती खिडकीशी बसली, ऋजुता मध्ये आणि आजोबा कडेला. पाऊण तासाने सुगंधाने पिशवीतून मूठभर भाजलेले काजू काढले, अर्धे ऋजुताला दिले, आणि थोडं थांबून उरलेले तिच्या हातावरून आजोबांपुढे धरले.

रक्त तपासलं, जुळलं. मुल्लाबाईंनी स्वतः पिशवीवर चिठ्ठी लावली. शुक्रवारी सकाळी नऊला पल्लवीला आत नेलं आणि पावणेबाराला बाहेर आणलं. गाठ निघाली होती. पिशवी अर्ध्याहून जास्त लागली होती. बाबा भिंतीला टेकून खालीच बसले.

दुपारी सुगंधा पल्लवीला बघायला आली. पल्लवी झोपली होती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसली. ऋजुता आईच्या उशाकडचा पडदा सारून बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली. दुसऱ्या टोकाला आजोबा होते.

"मावशी, तुमची ओळ मी जिवंत करून घेतली," ऋजुता म्हणाली. "डॉक्टरांनी सही दिली. रक्तगट आता तुमच्या नावावर आहे. आता तारीख दुरुस्त करू." तिने फोनवर विणकर उघडून सांगितलं, "सुगंधा रामा धाडवे, जन्म भाऊबीज, १९९०."

नोंद झाली. दोन क्षण गेले आणि ती पुन्हा बदलली. १ जून १९८९.

ऋजुताने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "तोंडी माहिती लेखी नोंदीशी विसंगत," विणकर वाचून दाखवत होतं. "लेखी नोंद जुनी व सरकारी आहे. विसंगती आपोआप दुरुस्त केली."

"राहू दे गं," सुगंधा म्हणाली. "तीस वर्षं माणसांना सांगून थकले. ते तर यंत्र आहे."

"नाही राहू देणार," ऋजुता म्हणाली.

तिने विणकरचं उत्तर पुन्हा वाचून काढलं. यंत्र वाईट नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं होतं, की एका रकान्यात एकच उत्तर असतं आणि दोन झाली तर एक मारायचं. मग तिने विणकरला सांगायला सुरुवात केली, हळूहळू, एकेक वाक्य जोखून.

"एक नवं पान विण. त्यात जन्मतारखेला एक घर नको, हवी तितकी घरं दे. प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने. हे कोण सांगतं, आणि त्याला ते कसं माहीत. दोन तारखा जुळल्या नाहीत तर कुठलीच दुरुस्त करायची नाही. दोन्ही ठेवायच्या आणि वर लिहायचं, वाद आहे. वाद असेल तिथे तारखेवरून कुणाचाही कागद कुणालाही जोडायचा नाही. आधी माणसाला विचारायचं. आणि हे पान एकवटला जोड."

"जोडण्यासाठी वादाला साक्षीदार हवा," विणकर म्हणालं. "मूळ नोंद करणारी व्यक्ती असल्यास उत्तम."

बाकावरच्या दोघी आजोबांकडे वळल्या.

"हिच्यापुरतं सांगून चालणार नाही," आजोबा म्हणाले. "एक तारीख खोटी म्हटली की सगळ्यांवर प्रश्न येतो. चोवीस वर्षांत तीनशे बारा मुलं. कुणाला नोकरीतून लवकर निवृत्ती मिळाली असेल, कुणाला उशिरा. कुणाकुणाची लग्नं त्याच तारखेवर झाली असतील. सगळे मला शिव्या देतील."

"देतील," ऋजुता म्हणाली.

"मी पहिली देईन," सुगंधा म्हणाली.

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. "मला अजून पट पाठ आहे," ते म्हणाले. "वर्षावार. कुणाची आई काय म्हणाली होती, तेही."

ऋजुताने मांडीवरचा फोन त्यांच्या बाजूला सरकवला, नवं पान उघडलं आणि पहिल्या ओळीत सुगंधाचं नाव घालून तिच्यापुढे भाऊबीज लिहिली. 'कोण सांगतं' या रकान्यात तिने आजोबांचं पूर्ण नाव घातलं, त्यांच्याकडून वाचून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "हं, पुढचं नाव सांगा."